नाना मोटर जागेवर आणतात

७ एप्रिल, सोमवार

आजपासून स्टोअर माझ्याकडे. ऑर्डर निघालेली नाही, पण किल्ली ज्याच्या खिशात तो इन्चार्ज. सीझन संपला, कापसाची शेवटची गठाण गेली, जिनिंग थंड पडलं. आता दसऱ्यापर्यंत मी आणि स्पेअर.

यादवनाना गेले त्याला महिना झाला. माझे सीनियर. अकरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. माणूस चांगला, पद्धत जुनी. स्पेअर मोटरीखाली जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे जाड रबरी तुकडे, त्याखाली गोणपाट. बाळंतिणीची खाट जशी. दर सोमवारी प्रत्येक मोटरचा शाफ्ट हाताने थोडा फिरवायचे. म्हणायचे, न फिरवलेली मोटर आणि न बोलावलेला माणूस, दोन्ही जाम होतात. ऐकायला बरं वाटतं.

मालक अमृतशेठनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, रवी, स्टोअर ठेवायचं की धुळ्याच्या पार्टीला कंत्राट द्यायचं, विचार चालू आहे. यंदा दसऱ्याचा मुहूर्त गठाणी दाबायच्या प्रेसच्या स्पेअर मोटरवर करू. चालली तर तू इन्चार्ज पक्का. मी म्हटलं, शेठ, चालली असं समजाच.

नानांची आठवण वगैरे येत नाही. काम खूप आहे.

संकल्प : दर सोमवारी शाफ्ट फिरवणे. रविवारी असोद्याला जाऊन द्रौपदाअक्कांना भेटणे. त्या नानांच्या मिसेस. दहाव्यानंतर गेलो नाही. या रविवारी पक्कं.

९ एप्रिल, बुधवार

स्टोअरचं मॉडर्नायझेशन. मागच्या भिंतीला नवीन लोखंडी रॅक बोल्टने फिट. निळा ऑइल पेंट. रबर, गोणपाट, सगळा कचरा बाहेर. चेनपुलीने मोटरी उचलून सरळ रॅकवर. लोखंडावर लोखंड, क्लीन लुक. प्रेसची मोटर खालच्या खणात मधोमध. मोबाइलवर फोटो काढून शेठना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

रबराचा एक चांगला तुकडा घरी नेला. वृषालीने दारात पायपुसणं म्हणून टाकला. बायको पहिल्यांदा म्हणाली की कारखान्यातून काहीतरी कामाचं आणलंत.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. शाफ्ट फिरवणे पुढच्या सोमवारी.

काल असोद्याला जाणार होतो. ऊन फार होतं.

२१ एप्रिल, सोमवार

प्रेसची मोटर फिरवली. अर्धा फेरा. तिच्या शाफ्टच्या टोकावरच्या दातेरी कपलिंगचा एक दात तुटलेला आहे, नानांच्या काळातला. तो दात खाली गेला. वरच्या बाजूला खडूने रेघ मारली. फिरवताना हाताला गुळगुळीत लागलं. खरंच लोण्यासारखं फिरतं यंत्र. ग्रीस पण मारलं, भरपूर. ग्रीसच्या बाबतीत कंजूषपणा मला जमत नाही.

शेजारच्या डाळ मिलने नवीन चाळणी बसवली आहे. दिवसभर धडधड. डोकं उठलं. त्यांना एकदा बोलावं लागेल. पण त्यांचा मॅनेजर वृषालीच्या मावशीकडचा.

२८ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते फक्त इथे लिहितो.

मोटरचा तुटका दात वर आहे. रेघ खाली आहे.

किल्ली माझ्याकडे. दुसरी किल्ली शेठच्या तिजोरीत. स्टोअरमध्ये मी सोडून कोणी येत नाही. मी परत खाली फिरवला. रेघ वर घेतली. कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

घाबरलो नाही. पाणी प्यालो, कारण उन्हाळा आहे.

२९ एप्रिल, मंगळवार. दुपारी.

दात वर.

आणि दुसरं. नानांची चुन्याची डबी अजून टेबलावर आहे. टाकायची राहून गेली. मी ती टेबलाच्या मधोमध ठेवतो, टापटीप म्हणून. आज ती कडेला होती. नाना बसायचे त्या बाजूच्या कडेला. अजून बोटभर सरकली असती तर पडली असती. पडली नाही. कोणीतरी हात पुढे करावा आणि उचलायचं विसरावं, तशी होती.

पत्रे तापले होते. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, नाना? मोठ्याने नाही, असंच. उत्तर आलं नाही, पण रॅकमधून बारीक आवाज आला. कर्रर्र. नाना दाढ कोरताना करायचे तसा.

स्टोअरचं दार उघडं टाकून बाहेर लिंबाखाली येऊन बसलो. हवा खायला.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

घरी घागर भरली, पितरांच्या नावाने विस्तवावर घास ठेवून आगारी टाकली, आमरस-पुरणपोळी झाली. वृषाली झोपल्यावर एक लहान घागर आणि डबा घेऊन कारखान्यात गेलो. सुट्टी होती, पण इन्चार्जला सुट्टी कसली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची घागर घरच्यांनी भरायची असते. असोद्याला अक्कांनी भरलीच असेल. पण नानांचा दिवस जास्त इथे जायचा, म्हणून एक इथेही.

प्रेसच्या मोटरशेजारी रॅकवर घागर ठेवली. काठोकाठ पाणी. हात जोडले.

पाणी हललं. मी स्वतः पाहिलं. वारा नाही, पंखा बंद, मी श्वास धरलेला. आणि पाण्यावर गोल गोल बारीक लाटा, मधून निघून काठाला जाणाऱ्या. शेजारी डाळ मिल तेवढी आखाजीलाही चालू. त्यांना सण नाही की वार नाही.

नाना पाणी प्यायले.

मला रडू आलं हे लिहायची गरज नाही.

५ मे, सोमवार

मॅटरवर थंड डोक्याने विचार केला. नाना रागावलेले नाहीत. रागावले असते तर मोटर पाडली असती. ते फक्त तुटका दात वर आणतात. म्हणजे ती त्यांची पोझिशन. मी फिरवतो ते त्यांना पसंत नाही. जिवंतपणीही माझं काही पसंत नव्हतं. गाठ मी मारली की सोडून परत मारायचे.

मी आज मुद्दाम पाव फेरा फिरवून दात दाराकडे केला. समझोता म्हणून.

६ मे, मंगळवार

दात वर. समझोता नामंजूर.

१२ मे, सोमवार

फिरवलं नाही. नाना करतातच. एका कामाला दोन माणसं, हे मॅनेजमेंटच्या विरुद्ध आहे.

रविवारी फैजपूरला साडूच्या मुलीचं लग्न होतं. असोदा वाटेवरच होता. पण गाडीत केळीचे घड, पाहुणे, वृषालीचा भाऊ. थांबता आलं नाही. अक्कांच्या घराचा फाटा मी पाहिला. वृषालीने मी फाटा पाहताना पाहिलं.

२ जून, सोमवार

रुटीन बसलं. सकाळी येतो, नानांना नमस्कार, डबी मधोमध. दुपारी डबा दोन भागांत. नानांचा भाग समोर ठेवतो, वाट पाहतो, मग मीच खातो, अन्न वाया जाऊ नये म्हणून. वजन वाढलं आहे. संध्याकाळी डबी कडेला. मग मी घरी जातो.

त्यांच्याशी बोलतो. पूर्वी ते बोलायचे, मी मोबाइल पाहायचो. आता उलटं. बोलायला माणूस फार चांगला आहे, मध्ये तोडत नाही.

वृषालीला सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती भाकरी थापत राहिली. म्हणाली, मेलेल्याशी रोज बोलायला वेळ आहे, त्यांच्या बाईला एकदा भेटायला नाही. विषयांतर करायची तिची जुनी सवय.

२३ जून, सोमवार

पाऊस लागला. स्टोअरला दमट वास. ग्रीस मारलं.

शेठ अचानक आले. विचारलं, शाफ्ट फिरवतोस ना? मी म्हटलं, शेठ, मशीन आपोआप फिरतं. त्यांना विनोद वाटला. हसले. मग विचारलं, ट्रायल कधी घेणार? म्हटलं, दसऱ्याआधी.

त्यांनी डबी पाहिली, उचलली. म्हणाले, यादवची ना? आणि परत ठेवली. एवढा मोठा माणूस, पण स्टोअरमध्ये आल्यावर आवाज खाली गेला. त्यांनाही जाणवलं असणार.

१४ जुलै, सोमवार

आज टेस्ट घेतली. नानांना म्हटलं, खरंच असाल तर आज डबी कडेला आणू नका. संध्याकाळी डबी कडेला.

नाना हट्टी होतेच.

३ ऑगस्ट, रविवार

घरी कानबाई बसल्या. रात्रभर जागरण आहे, म्हणून असोदा नाही. हे कारण खरं आहे.

असोद्याचा कोणी गाडीवाला देवीला आला होता. त्याने सांगितलं, अक्का बऱ्या आहेत, पण पुढच्या दाराने कोणी आलं की उठून उभ्या राहतात. मी विचारलं, का? तो म्हणाला, काय माहीत.

मला तिथे जायचं नाही असं नाही. पण गेल्यावर ओट्यावर नानांची खुर्ची असेल. रिकामी. स्टोअरमध्ये तसं नाही. स्टोअरमध्ये नाना आहेत. मग जिथे ते नाहीत तिथे जाऊन त्यांच्याबद्दल बोलण्यात काय पॉइंट?

२५ ऑगस्ट, सोमवार

डाळ मिल दोन दिवस बंद. बेल्ट तुटला म्हणे. बरं वाटलं, डोकं शांत.

पण नानांचं काहीतरी बिनसलं. डबी दोन्ही दिवस मधोमध. पाण्याचा लोटा भरून ठेवला, पाणी ढिम्म. मी आज मुद्दाम मोटर हलवून पाहिली. दात जिथे ठेवला तिथेच राहिला. कर्रर्र नाही, काही नाही. एवढी शांतता की माझ्याच चपलेचा आवाज मला नको झाला.

काही चुकलं का माझं? परवा डब्यात कारलं होतं. नानांना कारलं चालत नाही. लक्षात कसं राहिलं नाही?

२७ ऑगस्ट, बुधवार

चालू झाले! सकाळपासून धडधड, आणि दुपारी डबी कडेला, दात वर. मी टेबलावर डोकं ठेवून बसलो. माफी मागितली. कारलं परत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

लोटन मिस्त्री आला होता. इथलाच, धरणगावचा, शेठ त्याला मुहूर्ताच्या जोडणीसाठी बोलावतात. म्हणाला, "भाऊ, ट्रायल ली लेवूत." मी म्हटलं, गरज नाही. म्हणाला, "मंग शाफ्ट तरी देखू द्या." मी म्हटलं, दसऱ्याला बघा. एकतर त्याचे बूट. दुसरं, अनोळखी हात लागलेला नानांना आवडणार नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

सगळं रेडी. मोटरला हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचा हार. ग्रीस इतकं की बाहेर डोकावतं आहे.

शेठनी धुळ्याच्या पार्टीलाही मुहूर्ताला बोलावलं आहे. बघू द्या त्यांना. आमच्याकडे जे आहे ते कंत्राटात मिळत नाही.

नानांना म्हटलं, उद्या तुम्हाला इथून प्रेसवर नेतो. घाबरू नका, मी सोबत आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

लिहवत नाही. तरी लिहितो.

बैलगाड्या, ट्रॅक्टर, पहिला कापूस घेऊन आलेले शेतकरी, शेठचं अख्खं घर. धुळ्याची पार्टी सफारी सूटमध्ये. गुरुजींनी नारळ फोडला. शेठनी बटण दाबलं. मोटर चालली. मी हात जोडून डोळे मिटले.

मग आवाज आला. कर्रर्र नव्हे. कोणी दाढा करकरा चावाव्यात तसा, आणि वाढत वाढत गेला. प्रसाद वाटून व्हायच्या आत ग्रीस वितळून खाली टपटपायला लागलं. मग धूर. मग एकदम शांत. प्रेस थांबलं. गाड्यांच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, झालं का उद्घाटन?

शेठ माझ्याकडे पाहत होते. मी नानांच्या जागेकडे पाहत होतो, म्हणजे मोटरकडे. मला अजूनही वाटत होतं की ते काहीतरी करतील.

४ ऑक्टोबर, शनिवार

लोटनने मोटर उघडली. बेअरिंग माझ्या हातात दिलं. गोळ्या फिरतात त्या आतल्या रस्त्यावर ओळीने खड्डे. प्रत्येक गोळीची जागा वेगळी कोरलेली, जात्याला टाकी लावतात तशी. म्हणाला, "हाई फिरीसन खराब व्हयेल नई. एकाच जागावर बशी ठोकायेल शे." विचारलं, कुठे ठेवली होती?

त्याला स्टोअरमध्ये नेलं. त्याने निळ्या रॅकवर हात ठेवला. मग भिंतीवर ठेवला. पलीकडे डाळ मिल चालू होती. माझा हात धरून त्याने भिंतीला लावला. भिंत थरथरत होती. एप्रिलपासून मी त्या भिंतीला एकदाही हात लावला नव्हता.

म्हणाला, कपलिंगचा दात तुटलेला, ती बाजू हलकी. थरथरीने जड बाजू आपोआप खाली येते, दात वर जातो. रोज तीच जागा, रोज तेच ठोके. खाली रबर असतं तर भिंतीची थरथर आतपर्यंत आली नसती. यादवनाना रबर ठेवत होते ना, विचारलं. आणि आठवड्याला फिरवत होते ना?

मी सांगितलं. दात, घागर, डबी, सगळं. मला वाटलं हसेल. हसला नाही. त्याच भिंतीला टेकलेल्या टेबलावरच्या डबीकडे पाहिलं, ती कडेला आली होती. त्याने उचलून माझ्या हातात दिली. म्हणाला, "भाऊ, आठे कोन्ही नई. बठ्ठी भित हाली राह्यनी."

कोणी नव्हतं. आखाजीला नव्हतं, पावसात नव्हतं, रोज डबा खाताना नव्हतं. मी सहा महिने डाळ मिलच्या चाळणीशी बोलत होतो. कारल्याबद्दल तिची माफी मागितली.

नाना मार्चमध्येच गेले आहेत. मला आज कळलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कंत्राट धुळ्याला. शेठ ओरडले नाहीत. मला वजनकाट्यावर पावत्या फाडायला बसवलं आहे. मी किल्ली परत दिली. मोटरीच्या दुरुस्तीत अर्थ नाही, भंगारात काढायची, बाकी स्पेअरबरोबर तीही धुळ्याला.

टेम्पो भरत होते तेव्हा घरी जाऊन दारातलं पायपुसणं घेऊन आलो. मोटरीखाली टाकलं, चारी बाजूंनी नीट दाबलं. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, भंगार आहे, गादी कशाला? म्हटलं, रस्ता खराब आहे. आणि टेम्पो सुटायच्या आधी शाफ्ट पाव फेरा फिरवला. खरखरत फिरला. सोमवार होता.

वृषालीने विचारलं, पायपुसणं कुठे गेलं? सांगितलं. तिने जुनी साडी घडी करून दारात टाकली.

१२ ऑक्टोबर, रविवार

असोद्याला गेलो. ऊन होतं. गेलो.

अक्का ओट्यावर होत्या. मी फाटकातून आत शिरलो तशा उठून उभ्या राहिल्या, मग मी आहे हे पाहून बसल्या. खुर्ची होतीच. मी खाली बसलो. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं, बोली अजून तीच. म्हणाल्या, "इतला दिन कोठे व्हता रे?" मी डबी काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं. चुना वाळून दगड झाला होता. पदराने डबी पुसली आणि पुसतच राहिल्या.

मी ठरवून गेलो होतो की सगळं खरं सांगायचं. रबर मी फेकलं, मोटर मी घालवली, नाना तिथे नव्हते.

त्याच आधी बोलल्या. म्हणाल्या, आखाजीला घागर भरली, दार उघडं ठेवलं, आगारी टाकली, नाना येतात का वाट पाहिली. "उनात नई. माले वाटनं, कारखान्यामा व्हतीन. तठे व्हतात का रे?"

मी हो म्हटलं.

म्हणाल्या, "जेवनात?"

म्हटलं, हो अक्का. रोज. माझ्या डब्यातलं. कारलं सोडून.

त्या हसल्या. डोळे पुसले. मग विचारलं, आता कुठे असतील? माझ्या तोंडात जे आलं ते बोललो. म्हटलं, सोमवारी मोटरीबरोबर धुळ्याला गेले.

अक्का विचारात पडल्या. म्हणाल्या, "धुये? त्यासले धुये कधी आवडनं नई. सासुरवाडी ना."

म्हटलं, मग येतील परत.

चहा झाला. बस चुकली, पुढची मिळाली. पुढच्या रविवारी परत असोदा. पक्कं.